ट्रॉलीचा जॅक उचलत नाही? पंप बदलण्याआधी या क्रमाने तपासा

ट्रॉली भरून शेतात उभी आहे. लिव्हर ओढला, ट्रॅक्टरचा आवाज जड झाला, पण हौदा जागचा हलत नाही. किंवा अर्ध्यात जाऊन थांबला. अशा वेळी गावात दोन उत्तरं लगेच मिळतात: 'पंप गेला' नाहीतर 'जॅक गेला'. दोन्ही उत्तरं महागडी आहेत आणि बऱ्याचदा दोन्ही चुकीची निघतात.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, घर बीड जिल्ह्यात केज तालुक्यात. मागे एकदा मे महिन्यात सुट्टीवर गेलो होतो, तेव्हा आमच्याकडे पाझर तलावातला गाळ रानात टाकायचं काम चालू होतं. ट्रॅक्टर घरचा, ट्रॉली शेजाऱ्यांची, आमच्यापेक्षा मोठी. दुसऱ्याच खेपेला हौदा निम्म्यात अडकला. एका मिस्त्रींनी बघून सांगितलं, "पंप बदलावा लागंल." काका पैशाची जुळवाजुळव करायला लागले. तेवढ्यात माझा चुलतभाऊ पहार घेऊन अर्ध्या उचललेल्या हौद्याखाली शिरला, चिकटलेला गाळ खालून ठोकून सैल करायला. काका सीटवर वळून बघायला लागले, त्यांच्या कोपराचा लिव्हरला धक्का लागला आणि हौदा वीतभर खाली आला. भाऊ बाजूला सरकला म्हणून वाचला. त्या दिवशी कोणीच नंतर जेवलं नाही.

दोष शेवटी काय निघाला ते पुढे सांगतो. पंप मात्र चांगला होता. त्यानंतर मी ट्रॅक्टरचं मॅन्युअल वाचलं, दोन-तीन जुन्या मेकॅनिकांच्या मागे बसून शिकलो आणि ही तपासणीची यादी तयार केली. आधी ट्रॅक्टरवर चालणारा जॅक, मग बॅटरीवर चालणारा जॅक असा क्रम ठेवलाय.

सगळ्यात आधी: हे नियम मोडायचे नाहीत

१. उचललेल्या हौद्याखाली डोकं, हात, पाय काहीही घालायचं नाही. फक्त ऑइलच्या दाबावर उभा असलेला हौदा म्हणजे कधीही खाली येऊ शकणारा हौदा. खाली काम करायचंच असेल तर हौदा रिकामा हवा आणि कंपनीने दिलेला लोखंडी टेकू लावलेला हवा. लाकडाचा ओंडका म्हणजे टेकू नव्हे, तो निसटतो.

२. वर बघा. हौदा उचलल्यावर त्याचं तोंड विजेच्या तारेपर्यंत पोहोचू शकतं. शेतातून ११ केव्हीच्या तारा जातात आणि त्या अनेकदा झोळ पडून खाली आलेल्या असतात. हौदा तारेला लागलाच तर ड्रायव्हरने सीटवरच बसून राहायचं, बाकीच्यांनी लांब थांबायचं आणि महावितरणला १९१२ वर किंवा ११२ वर फोन करायचा. आग लागली म्हणून उतरावंच लागलं तर दोन्ही पाय जोडून लांब उडी मारायची. ट्रॅक्टरला हात आणि जमिनीला पाय एकाच वेळी लागता कामा नयेत.

३. पाइपमधली गळती हाताने चाचपायची नाही. दाबाखालचं ऑइल सुईसारख्या बारीक छिद्रातून आलं तर कातडीच्या आत घुसतं. वरून फक्त टोचल्यासारखं दिसतं, पण ती तातडीच्या शस्त्रक्रियेची केस असते. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा पाइपजवळ धरा, ऑइलचा डाग पुठ्ठ्यावर उमटू द्या.

४. रिलीफ व्हॉल्व्हचा बोल्ट पिळून दाब वाढवायचा नाही. तो व्हॉल्व्ह म्हणजे सिस्टीमचा फ्यूज. तो घट्ट केला की पुढचा फ्यूज पाइप होतो, पंप होतो किंवा माणूस होतो.

५. जमीन सपाट हवी. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात सपाट रान मिळणं अवघड, हे मान्य. पण हिशोब बघा: भरलेल्या हौद्याचं वजन जमिनीपासून अडीच मीटर वर एकवटलंय आणि जमीन बाजूला ५ अंश कललेली आहे, तर ते वजन सुमारे २२ सेंटीमीटर एका चाकाकडे सरकतं. त्यात मऊ माती दबली आणि गाळ एकाच बाजूला चिकटून राहिला, की ट्रॉली आडवी व्हायला फार वेळ लागत नाही.

जॅक काम कसा करतो?

इंजिन पंप फिरवतं. पंप ट्रॅक्टरच्या मागच्या हाउसिंगमधलं ऑइल ओढतो आणि दाबाने पुढे ढकलतो. लिव्हर म्हणजे व्हॉल्व्ह, ऑइल कुठे जाणार ते तो ठरवतो. तिथून होज पाइप, मग क्विक कपलर, मग ट्रॉलीचा पाइप आणि शेवटी जॅक. ट्रॉलीचा जॅक बहुतेक वेळा सिंगल ॲक्टिंग असतो: वर जाताना ऑइल ढकलतं, खाली येताना हौद्याचं स्वतःचं वजन. त्यामुळे पाइप एकच. त्याच पाइपातून ऑइल जातं आणि परत येतं.

ताकद दोन गोष्टींवर ठरते: ऑइलचा दाब आणि जॅकचं क्षेत्रफळ. समजा जॅकचा व्यास १० सेंटीमीटर आहे. क्षेत्रफळ झालं साधारण ७८.५ चौरस सेंटीमीटर. ऑइलचा दाब १५० बार, म्हणजे प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर सुमारे १५३ किलो. गुणाकार केला की १२ टन. पंप झिजून किंवा रिलीफ व्हॉल्व्ह ढिला होऊन दाब १०० बारवर आला, तर तोच जॅक ८ टनच रेटतो. म्हणून "रिकामी उचलते, भरलेली उचलत नाही" हे लक्षण दाबाकडे बोट दाखवतं.

आता दुसरा हिशोब, याच्याकडे फार कोणी बघत नाही. १० सेंटीमीटर व्यासाचा जॅक १ मीटर वर जायला किती ऑइल लागेल? जवळपास ८ लिटर. १२ सेंटीमीटर व्यासाचा जॅक १.२ मीटर जायला? साडेतेरा लिटर. हे सगळं ऑइल ट्रॅक्टरच्या पोटातून येतं. हाउसिंगमध्ये ऑइल बरंच असतं, पण पंपाच्या सक्शन पाइपच्या तोंडापर्यंतचंच कामाचं. पातळी त्याच्या खाली गेली की पंप हवा ओढायला लागतो.

आमच्या ट्रॅक्टरचं हेच झालं होतं. ऑइल आधीच काडीच्या खालच्या खुणेच्याही खाली होतं. छोट्या ट्रॉलीला तेवढ्यात भागत होतं, मोठ्या ट्रॉलीला निम्म्यातच संपलं. ५ लिटर ऑइल घातलं, पातळी वरच्या खुणेला आली आणि हौदा पूर्ण उचलला.

पहिला प्रश्न: बिघाड ट्रॅक्टरमध्ये की ट्रॉलीत?

कोडमध्ये बग शोधताना आम्ही प्रोग्राम मधोमध कापतो: पहिला अर्धा भाग बरोबर चालतोय का? चालत असेल तर दोष दुसऱ्या अर्ध्यात. इथेही तेच करायचं, कापायची जागा म्हणजे क्विक कपलर.

ट्रॉली सोडा. ट्रॅक्टरच्या मागच्या लिफ्टला नांगर किंवा रोटाव्हेटर लावा आणि उचलून बघा.

- लिफ्ट नेहमीसारखी उचलते: पंप आणि ऑइल बहुधा ठीक. दोष लिव्हरच्या बाहेरच्या व्हॉल्व्हपासून पुढे, कपलर, पाइप, जॅक किंवा जास्त भार. पण लक्षात ठेवा, लिफ्टला ऑइल थोडं लागतं, ट्रॉलीला खूप. त्यामुळे लिफ्ट चालली तरी ऑइलची काडी बघायचीच.
- लिफ्टही उचलत नाही: दोष ट्रॅक्टरमध्ये. ऑइलची पातळी, गाळणी, पंप, रिलीफ व्हॉल्व्ह या क्रमाने जा.

दुसरी चाचणी अदलाबदलीची. तीच ट्रॉली दुसऱ्या ट्रॅक्टरला लावा किंवा दुसरी ट्रॉली आपल्या ट्रॅक्टरला. दोष ज्याच्याबरोबर जातो, तो दोषी. फक्त जोडण्याआधी दोन्ही कपलर स्वच्छ फडक्याने पुसा. एका ट्रॉलीतलं मातीचं ऑइल दुसऱ्या ट्रॅक्टरच्या पंपात गेलं, तर एकाचे दोन बिघाड होतील.

आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. ऑइल, गाळणी आणि कपलर तिन्ही एकदम बदललं तर ट्रॉली चालू होईल कदाचित, पण दोष कशात होता ते कळणार नाही.

लक्षण बघा, कारण शोधा

*अजिबात हलत नाही, रिकामीही नाही*

आधी फुकटच्या गोष्टी. बऱ्याच ट्रॅक्टरांना लिफ्टच्या झाकणाजवळ एक छोटा नॉब किंवा व्हॉल्व्ह असतो. ऑइल मागच्या लिफ्टकडे जाणार की बाहेर ट्रॉलीकडे, हे तो ठरवतो. काल कोणी रोटाव्हेटर मारला असेल तर नॉब लिफ्टच्या बाजूलाच राहिलेला असतो. तो फिरवला की काम झालं.

काही जुन्या रचनेच्या ट्रॅक्टरांत हायड्रॉलिक पंप पीटीओच्या शाफ्टवरून चालतो. तिथे पीटीओचा लिव्हर लागलेला नसेल तर पंप फिरतच नाही. तुमचा ट्रॅक्टर तसा आहे का, ते मॅन्युअलमध्ये मिळेल.

मग कपलर. आत दोन्ही बाजूंना स्प्रिंगवर बसलेल्या गोळ्या असतात. कपलर पूर्ण आत गेल्यावरच त्या एकमेकींना ढकलून रस्ता उघडतात. कॉलर 'खट' करून बसली पाहिजे. अर्धवट बसलेला कपलर बाहेरून जोडलेलाच दिसतो.

*रिकामी उचलते, भरलेली नाही*

पहिली शंका भारावर. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, सुमारे २.८३ घनमीटर. एक ब्रास सोयाबीन साधारण २ टन भरतं. एक ब्रास ओला गाळ पावणेपाच टनांच्या आसपास. हौदा तेवढाच दिसतो, वजन दुपटीहून जास्त. २०१७ साली राज्यात 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना सुरू झाली, तिच्या सुरुवातीच्या नियमात गाळाची वाहतूक शेतकऱ्याने स्वतःच्या खर्चाने करायची होती. त्यामुळे खेपा वाचवायला ट्रॉली शिगेला भरायची सवय आमच्याकडे पक्की झाली. डिझेल वाचतं, पण जॅक आणि चॅसीवर ते निघतं.

भार कुठे आहे तेही बघा. हौदा मागच्या बिजागरीवर फिरतो. माल पुढे जास्त असेल तर जॅकला जास्त जोर लागतो, आणि सगळ्यात जास्त जोर अगदी सुरुवातीला लागतो. लोडर चालवणाऱ्याला सांगा, पुढच्या फळीला ढीग नको.

भार योग्य असूनही उचलत नसेल तर दाब मोजावा लागेल. मेकॅनिककडे प्रेशर गेज असतो. आकडा मॅन्युअलमधल्या आकड्याशी जुळवा. दाब पुरेसा येतोय तरी हौदा उठत नाही, तर भार किंवा जॅक. दाबच येत नाही, तर पंप किंवा रिलीफ व्हॉल्व्ह.

सकाळी उचलते, दुपारी नाही, असं होत असेल तर तेही झिजलेल्या पंपाचं लक्षण. ऑइल तापलं की पातळ होतं आणि पंपाच्या झिजलेल्या फटींतून मागे पळतं.

*अर्ध्यात थांबते*

ऑइल कमी असणं हे पहिलं कारण. ट्रॉली पूर्ण खाली, ट्रॅक्टर सपाट जागी, इंजिन बंद, मग काडी बघा. ट्रॉली वर असताना पातळी बघून ऑइल भरलं तर ट्रॉली खाली आल्यावर ते जास्त होतं आणि सील फाडून बाहेर येतं. ट्रॅक्टर चढावर किंवा उतारावर असेल तर ऑइल एका बाजूला जाऊनही सक्शन कोरडं पडतं.

दुसरं कारण टेलिस्कोपिक जॅक. एकात एक नळ्या असलेल्या जॅकमध्ये आधी सगळ्यात मोठी नळी वर जाते, मग त्यातली लहान. १० सेंटीमीटरची नळी १५० बारवर १२ टन रेटते, पण ७ सेंटीमीटरची नळी तेवढ्याच दाबाला ६ टनांच्याही आतच. हौदा कलल्यावर माल घसरून भार कमी होतो, म्हणून एरवी हे चालून जातं. ओला गाळ चिकटून बसला की भार कमी होत नाही आणि नळी बदलते तिथेच जॅक अडतो. अशा वेळी लिव्हर मागेपुढे झटकायचा नाही. हौदा खाली घ्या, चिकटलेला माल वरून, बाजूला उभं राहून फावड्याने सैल करा, मग परत उचला.

*झटके देत जाते, घुर्रऽ आवाज येतो*

सिस्टीममध्ये हवा आहे. ऑइल कमी, सक्शनचा जोड ढिला किंवा गाळणी तुंबलेली. काडीवर फेस दिसेल. ऑइल ताकासारखं पांढुरकं दिसत असेल तर त्यात पाणी शिरलंय. ते ऑइल आणि गाळणी दोन्ही बदलायचं. नवीन ऑइल मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या प्रकारचंच घ्या. ते ऑइल गिअर आणि ओल्या ब्रेकलाही लागतं, त्यामुळे "कोणतंही ऑइल चालतं" हा सल्ला ऐकू नका.

*उचलून ठेवली की हळूहळू खाली येते*

इथे एक सोपा तर्क आहे. सिंगल ॲक्टिंग जॅकमधून ऑइल सुटायला दोनच रस्ते. सील गेलं असेल तर ऑइल जॅकच्या बाहेर ओघळताना दिसेल. बाहेर कुठेच ओल नाही, तरी हौदा उतरतोय, तर ऑइल त्याच पाइपाने ट्रॅक्टरकडे परत जातंय, म्हणजे दोष लिव्हरच्या व्हॉल्व्हमध्ये. त्यात कचरा अडकलाय किंवा तो झिजलाय. बाहेर कोरडा असलेला जॅक खोलायला कोणी सांगत असेल तर हा प्रश्न नक्की विचारा.

*वर गेली, खाली येत नाही*

सगळ्यांना लांब करा, इंजिन बंद. लिव्हर पूर्ण खालच्या जागी आहे का? पाइप कुठे मुडपलाय का? कपलर अर्धवट बसला असेल तर जाताना दाबाने ऑइल जातं, परत येताना गोळी तोंड बंद करते. पण भार वर असताना कपलर किंवा पाइप सोडायचा नाही, कधीच नाही. सोडणाऱ्यावर ऑइल फवाऱ्यासारखं येतं आणि हौदा एकदम कोसळतो. इथे मेकॅनिकला बोलावण्याशिवाय दुसरा शहाणपणा नाही.

*कपलर बसतच नाही*

उन्हाळ्यातला खास त्रास. उन्हात पडलेल्या पाइपमध्ये ऑइल तापून फुगतं आणि गोळीला आतून रेटतं. इंजिन बंद करून लिव्हर दोन्ही बाजूंना हलवा, ट्रॅक्टरकडचा दाब निघून जाईल. ट्रॉलीकडचा पाइप सावलीत थंड होऊ द्या. हातोड्याने गोळी ठोकू नका.

बॅटरीवर चालणारा जॅक

ई-रिक्षावर बसवलेल्या कचरागाड्या, छोटे टिपर, काही गाड्यांची मागची लिफ्ट यांत पंप इंजिनवर चालत नाही. एका डब्यात १२ व्होल्टची मोटर, छोटा पंप, ऑइलची टाकी आणि व्हॉल्व्ह असतात. त्याला डीसी पॉवर पॅक म्हणतात. ई-गाड्यांत व्होल्टेज वेगळं असू शकतं, प्लेटवर बघा. अमेरिकेत 'फिफ्थ व्हील' नावाचे घरासारखे ट्रेलर पिकअपला जोडून फिरवतात. मुक्कामी ते समतल करायला चार-सहा पाय खाली येतात, ते पायही इलेक्ट्रिक मोटरवर किंवा अशाच पॉवर पॅकवर चालतात. त्यामुळे खालची तपासणी तिकडच्या ट्रेलरलाही बरीचशी लागू पडते.

इथला मुख्य शत्रू म्हणजे वायरमधला विरोध. २ किलोवॅटची मोटर १२ व्होल्टवर सुमारे १६७ अँपिअर ओढते. जोडावर फक्त ०.०१ ओहम विरोध असला तरी १.६७ व्होल्ट तिथेच खर्च होतात. गंजलेलं एक थिंबल तेवढं सहज करतं. मोटरला १२ ऐवजी १० व्होल्टच मिळतात.

कानाने सुरुवात करा:

- बटण दाबलं, काहीच आवाज नाही: फ्यूज, रिमोटची वायर, सोलेनॉइडकडे जाणारी बारीक वायर.
- 'टक' आवाज येतो, मोटर फिरत नाही: बॅटरी, जाड केबल, अर्थिंग, सोलेनॉइडचे जळालेले पॉइंट किंवा मोटरचे कार्बन ब्रश.
- मोटर हळू फिरते: व्होल्टेज कमी पोहोचतंय.
- मोटर जोरात फिरते, जॅक हलत नाही: टाकीत ऑइल नाही, खाली आणणारा व्हॉल्व्ह कचऱ्यामुळे उघडा राहिलाय किंवा मोटर-पंपाचं कपलिंग तुटलंय.
- वर जातो, खाली येत नाही: खाली येताना मोटर चालतच नाही, फक्त एका व्हॉल्व्हची कॉइल उघडते. कोणी तरी बटण दाबताना कॉइलच्या टोकाला स्क्रूड्रायव्हर लावा. चुंबकासारखा ओढला गेला तर कॉइल चालू, व्हॉल्व्ह अडकलाय. ओढला नाही तर वायर किंवा कॉइल गेली.

मग मल्टिमीटर. साधा डिजिटल मल्टिमीटर काहीशे रुपयांत मिळतो. तो डीसी व्होल्टवर ठेवा. अँपिअरवर ठेवून या मोटरचा करंट मोजायला जाऊ नका, त्याची मर्यादा बहुधा १० अँपिअर असते, मीटर जळेल.

१. गाडी काही तास उभी असताना बॅटरीच्या दोन टोकांवर मोजा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, ११.८ म्हणजे जवळपास रिकामी.

२. मोटर चालू असताना तिथेच मोजा. १० व्होल्टच्या खाली गेली तर बॅटरी कमकुवत. चार्ज करून परत बघा.

३. बॅटरी ठीक, तर मोटर चालू ठेवून मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरी मोटरच्या प्लसवर. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर त्या रस्त्यात कुठेतरी चोरी होतेय. एकेक जोड मोजत पुढे जा.

४. हेच मायनसच्या बाजूला: बॅटरीचं मायनस आणि मोटरची बॉडी. गंजलेलं अर्थिंग हे अशा गाड्यांतलं नेहमीचं कारण. बोल्ट काढा, दोन्ही पृष्ठभाग घासून चमकवा, घट्ट आवळा, वरून ग्रीस लावा.

मोटर बंद असताना सगळीकडे १२ व्होल्ट दिसतात आणि आपण फसतो. गंजलेल्या जोडातूनही मीटरला लागेल एवढा करंट जातोच. म्हणून मोजमाप भार असतानाच करायचं. आणि ही मोटर सतत चालण्यासाठी बनवलेली नसते. दोन-तीन वेळा उचलल्यावर हात लावून बघा, गरम असेल तर थांबा.

फोन इथे कामाला येतो

- ॲक्सलवर आणि इंजिनवर कंपनीची प्लेट असते, तिचा फोटो काढून ठेवा. सुटा भाग मागवताना मॉडेल नंबर लागतो.
- लेव्हल दाखवणारं ॲप ट्रॉलीच्या चॅसीवर आडवं ठेवून बाजूचा कल बघा. आधी सपाट फरशीवर ठेवून ॲप शून्यावर आणा. जाड कव्हर काढा.
- गेजचा आकडा आणि इंजिनचा आवाज दोन्ही येतील असा व्हिडिओ काढा. मेकॅनिकला फोनवर 'उचलत नाही' सांगण्यापेक्षा २० सेकंदांचा व्हिडिओ जास्त बोलतो.
- तारीख, किती तास चाललं, काय बदललं, किती ऑइल घातलं, हे नोट्समध्ये लिहा. दर आठवड्याला लिटरभर ऑइल लागत असेल तर गळती आहे, हे वहीच सांगेल.

मेकॅनिककडे गेल्यावर

या लेखाचा उद्देश मेकॅनिकला वगळणं नाही. पंप, व्हॉल्व्ह आणि जॅक खोलणं हे त्यांचंच काम. पण तीन गोष्टी नम्रपणे विचारा: दाब किती आला, तो मोजताना मी बघू शकतो का आणि काढलेला जुना भाग मला परत मिळेल का. चांगला मेकॅनिक या प्रश्नांना रागावत नाही. आमच्याकडच्या एका वयस्कर मेकॅनिककाकांनी तर उलट मलाच गेज हातात दिला होता.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*इंजिनचा रेस वाढवला तर जास्त वजन उचलेल का?*
नाही. रेस वाढवला की ऑइल जास्त वेगाने येतं, हौदा लवकर वर जातो. जास्तीत जास्त दाब रिलीफ व्हॉल्व्हच ठरवतो. पंप झिजलेला असेल तर मात्र रेसने थोडा फरक पडतो, आणि ते पंप झिजल्याचंच लक्षण आहे.

*हौदा पूर्ण वर गेल्यावर लिव्हर तसाच ओढून धरला तर?*
ऑइल रिलीफ व्हॉल्व्हमधून फिरत राहतं आणि झपाट्याने तापतं. वर पोहोचला की लिव्हर मध्ये आणा.

*हौदा वर ठेवून थोडं पुढे गेलं तर चालतं ना, माल पसरतो?*
बरेच जण करतात. भरलेला हौदा वर असताना चाक खड्ड्यात गेलं तर ट्रॉली उलटते. जवळपास सगळा माल पडल्यावर, सपाट जागी, अगदी हळू, एक-दोन फूट पुढे घेणं वेगळं. हौदा वर ठेवून रस्त्याला लागणं वेगळं.

स्क्रीनशॉट काढून ठेवा

१. माणसं लांब, वर तार नाही, जमीन सपाट.
२. नॉब आणि पीटीओचा लिव्हर बरोबर जागी.
३. कपलर पुसलेला आणि 'खट' करून बसलेला.
४. ट्रॉली खाली, इंजिन बंद, ऑइलची काडी दोन खुणांच्या मध्ये.
५. मागची लिफ्ट उचलते का?
६. रिकामी ट्रॉली उचलते का?
७. जॅक बाहेरून ओला की कोरडा?
८. मग गेज. मग मेकॅनिक. पंप सगळ्यात शेवटी.

आमच्या घरी आता ही यादी ट्रॅक्टरच्या टूलबॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवलेली आहे. पहिली ओळ चुलतभावाने लाल पेनने परत गिरवलीय.